मदत हवी आहे: एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा ग्रुप) मीटिंग, भोसरी-पिंपरी साइडला, शिफ्टवाल्याला जमेल अशी

नमस्कार मंडळी. नाव सांगत नाही, समजून घ्या. वय ४३, भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात काढले, बाहेर येऊन आज ५८ दिवस झाले, एक थेंब नाही. निघताना तिथल्या सरांनी बजावलं होतं, काहीही कर पण मीटिंग सोडू नको, आणि माझं घोडं नेमकं तिथंच अडलंय.

झालं असं की घराजवळ एका शाळेच्या वर्गात मीटिंग भरते, संध्याकाळी ७ ते साडेआठ. गेलो एकदाचा धाडस करून. पोरांचे बेंच, गुडघे मावेनात, फळ्यावर सकाळची अपूर्णांकांची बेरीज तशीच. आणि चहाचा ट्रे घेऊन समोर कोण, तर माझ्या पोरीला शाळेत सोडणारे रिक्षावाले काका! काही बोलले नाहीत, नुसता कप पुढे केला. मी फोन आल्याचं नाटक करून जो सटकलो तो डायरेक्ट घरी, स्टीलचा कप हातातच राहिला. अजून घरी आहे, बायको विचारते हा कुणाचा.

त्यामुळे तिथं परत जायची लाज वाटते. दुसरं म्हणजे आठवड्याला शिफ्ट बदलते, सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळची मीटिंग विसरा. तिसरं, तिथं प्रार्थना होते म्हणे, माझा देवावर तसा फार विश्वास नाही. सासरे म्हणतात मीटिंगबिटिंग कशाला, माळ घाल. घातली होती हो मागे, पंढरपूरला जाऊन. चार महिन्यांनी खुंटीला अडकवली, बाहेर जाऊन प्यायलो, आणि परत येऊन हातपाय धुऊन घातली. तेव्हा कळलं माझं काय ते.

गटारी तोंडावर आलीये, डिपार्टमेंटमध्ये आत्तापासून वर्गणी चालू झालीये म्हणून जरा घाईत विचारतोय. मराठीतली, लांबची चालेल, ओळखीचं कोणी नसेल अशी मीटिंग कशी शोधायची?

आजचा_दिवस: भाऊ, ५८ दिवसांबद्दल आधी अभिनंदन. मला ९ वर्षं झाली. आता थोडं कडक बोलतो. काका तिथं कॅटरिंगवाले म्हणून आले नव्हते ना? तू ज्या कामाला गेलास त्याच कामाला ते आलेत. उलट तेच घाबरले असतील, पोरीचा बाप आता रिक्षा बंद करतो की काय म्हणून. तिथं कोण दिसलं, काय बोललं ते बाहेर काढायचं नाही, आडनाव लागत नाही, फी नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअरबाजारवाला आणि एक सर्जन भेटले तिथून हे सुरू झालं, त्या सर्जनला लोक अजून डॉक्टर बॉब एवढंच म्हणतात.

तरी लांबची हवी असेल तर हरकत नाही, मी स्वतः पहिलं वर्ष चिंचवडहून पुणे कॅम्पात जायचो. एएच्या हेल्पलाइनला फोन कर, शिफ्ट सांग, वार आणि वेळ ते सांगतात. रविवारी सकाळच्या मीटिंग असतात. ओपन आणि क्लोज्ड एवढं विचारून घे, ओपनला घरचेही चालतात, क्लोज्डला फक्त आपण. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ऑनलाइन बस, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. पण फक्त ऑनलाइनवर भागवू नको, स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला हात देणारा जुना मेंबर, समोरासमोर बसूनच मिळतो असा माझा अनुभव.

कोरडा_पाऊस: देवाचं टेन्शन घेऊ नका, मी पक्का नास्तिक. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ‘आम्हाला जसा उमगला तसा देव’ असं आहे. मी तिथं ग्रुपलाच धरलं, एकट्याने सुटली नाही ती यांच्यात बसून सुटली, मग शक्ती मोठी कुणाची? प्रार्थनेला गप्प उभा राहतो, कोणी काही म्हणत नाही. मेंबर व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा.

निशा_पुणे: बायकोला कपाचं खरं सांगा की. माझे मिस्टर मुक्तांगणला होते, पुण्यातलं व्यसनमुक्ती केंद्र, अवचट पतिपत्नींनी १९८६ मध्ये पुलंच्या मदतीने सुरू केलं ते. मला तिथला बायकांचा सहचरी ग्रुप मिळाला, नाहीतर मी अजून खिसे तपासत आणि तोंडाचा वास घेत बसले असते. एएसारखाच घरच्यांसाठी अल-अनॉन असतो, त्यांना तिकडे पाठवा. आणि वर्गणी देऊ नका, अ‍ॅसिडिटी सांगा, गावी जा, काहीही करा.

कोरडा_पाऊस: आणि हे वाचणारे जे अजून रोज पितायत त्यांच्यासाठी, मनाने एकदम बंद करू नका. हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जिवावर बेततं. डॉक्टर गाठा, नाहीतर सरकारी हेल्पलाइन १४४४६, फ्री आहे.

धागाकर्ता: सगळ्यांना थँक्स. हेल्पलाइनला फोन केला, रविवार सकाळची एक मिळाली, बसने पाऊण तास. गटारीच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट मागून घेतलीये, म्हणजे संध्याकाळ मोकळी, आणि त्या दिवशी जवळची मीटिंग एवढी एकच आहे, ती शाळेतली. बायकोला रात्री सांगितलं. ती काही बोलली नाही, कप राखेने घासून रुमालात बांधून ठेवलाय. काकांना आधी फोन करावा की तसंच जावं?

आजचा_दिवस: तसाच जा. १० मिनिटं आधी जा, सतरंज्या-बेंच लावायला माणूस कमी असतो.