ओयू तोल्गोई: केवळ नशीब नव्हे

कुणीतरी लिहिलंय की मंगोलियातला ओयू तोल्गोईचा तांबेसाठा बीएचपी या खाणकंपनीने सोडला आणि आयव्हनहो या दुसऱ्या खाणकंपनीला 'नशिबाने' मिळाला. मला हे पटत नाही.

गोबीच्या दक्षिणेतल्या या जागेचं नावच 'पिरोजा टेकडी' अशा अर्थाचं. तांब्याची हिरवीनिळी खनिजं उघड्यावर दिसत होती. बीएचपीने १९९०च्या दशकात तिथे थोडीच बोअर मारली, हाती फार मोठं लागलं नाही, आणि २०००मध्ये आयव्हनहोने काम हाती घेतलं. त्यांनाही सुरुवातीला वरच्या थरातलं कॅल्कोसाइट हे तांब्याचं खनिज हवं होतं; पावसाचं पाणी मुरून तांबं खाली जिथे पुन्हा साचतं तो हा थर. पण २००१मध्ये १५० क्रमांकाच्या बोअरने चित्रच पालटलं: सलग ५०८ मीटर खडकात सरासरी ०.८१ टक्के तांबं आणि टनामागे १.१७ ग्रॅम सोनं! अशा पॉर्फिरी साठ्यात, म्हणजे प्रचंड खडकभर तांबं बारीक विखुरलेलं असतं तिथे, टक्केवारी बहुधा कमीच असते. महत्त्व असतं ते अशा सलग लांबीला.

पुढे उत्तरेला ह्यूगो डमेट साठा सापडला. डेव्होनियन काळातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, हा साठा नंतरच्या खडकांखाली गाडलेला, वरून काहीच न दाखवणारा. तो सापडला कारण भूशास्त्रज्ञ खोल बोअर मारत राहिले. त्या चिकाटीला नशीब म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिथलं भूमिगत उत्पादन २०२३मध्ये सुरू झालं.