झिंक ऑक्साइडचा झोन लहान आला, तर 'परिणाम नाही' लिहू का?

कॉलेजरोडकर: नमस्कार. नाशिकला एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रोजेक्टसाठी झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवून दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सवर अगार वेल पद्धतीने तपासले, म्हणजे जिवाणू पसरलेल्या अगारच्या थाळीत खड्डा (वेल) करून त्यात पदार्थ घातला. तुलनेला ठेवलेल्या क्लोरहेक्सिडिनचा (माउथवॉशमधलं जंतुनाशक) झोन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, चांगला मोठा आणि माझा जेमतेम. 'परिणाम नाही' लिहू का? आणि सुरक्षिततेबद्दल 'डेंटिस्ट हेच झिंक ऑक्साइड वर्षानुवर्षं वापरतात' एवढं पुरेल ना? व्हायवा तोंडावर आलीय.

सातपूरचे काका: अगं, झोनवर जाऊ नकोस. पदार्थ अगारमधून किती लांब झिरपला हेही त्यात मोजलं जातं. क्लोरहेक्सिडिन विरघळलेलं असतं, ते पसरतं. तुझे कण गठ्ठे होऊन वेलमध्येच बसतात.

ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढ. पण कणांनी ब्रॉथ आधीच दुधाळ होतो, तेव्हा ओडीच्या (गढूळपणाच्या मापाच्या) आकड्यावर विसंबू नकोस. प्लेटवर पसरून कॉलनी मोज. शेजारी तेवढंच झिंक असलेलं झिंक क्लोराइडचं द्रावणही ठेव. म्युटन्स आम्ल तयार करतो, आम्लात झिंक ऑक्साइड विरघळतं. मग मारलं कणांनी की आयनांनी, हे त्याशिवाय कळणार कसं? परीक्षक इथंच धरतात, मी धरायचो. जमलं तर साखर घालून बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) वाढव. तरंगत्या जिवाणूंना पुरणारी मात्रा त्या चिकट थराला बहुतेकदा पुरत नाही.

डेंटिस्टवालं वाक्य मात्र काढून टाक. ती युजेनॉलमध्ये (लवंगतेलातला घटक) कालवून घट्ट झालेली सिमेंट, पावडरही जाडी. नॅनोकणांचा पृष्ठभाग ग्रॅममागे कितीतरी जास्त. आणि 'वर्षानुवर्षं वापरतात' हा पुरावाच नव्हे. टायटॅनियम डायऑक्साइड खाण्याच्या पदार्थांत किती वर्षं चाललं! २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ते सुरक्षित मानता येत नाही म्हटलं, २०२२ मध्ये तिथं बंदी आली.

कॉलेजरोडकर: काका, सुरक्षितता तपासायला आमच्याकडे सेल कल्चर (पेशी वाढवायची सोय) नाहीये. 😔

दंतवैद्य, पंचवटी: मग 'सुरक्षित' हा शब्दच नको, 'तपासलेलं नाही' असं लिही. पुढे कुठे सोय झालीच, तर हिरडीच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर एमआयसीएवढीच मात्रा देऊन बघ. जिवाणू मरतात त्याच मात्रेला पेशीही मरत असतील, तर हे माउथवॉशमध्ये वापरायचा विषय संपला. एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून कळणारी चाचणी) करताना पेशी न घालता नुसत्या कणांचा एक वेल ठेव, कण कधीकधी रंगातच गडबड करतात. आणि कोरडी पावडर फ्यूम हूडमध्येच तोल, नाकात जाऊ देऊ नकोस.

कॉलेजरोडकर: कण सोनिकेट (ध्वनिलहरींनी गठ्ठे फोडणं) आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल?

सातपूरचे काका: नाही. वापरण्याच्या अगदी आधी कर, रात्रभरात परत गोळे होतात.