मदत हवी आहे: छोटी भूमिका, मोठं नामांकन

मंडळी, ऑस्करला नामांकन मिळालेल्या सहाय्यक भूमिका बघायला घेतल्यात, तेही अगदी थोडा वेळ पडद्यावर असणाऱ्या. 'नेटवर्क'मध्ये (१९७६) बिअॅट्रिस स्ट्रेट जेमतेम ५ मिनिटं दिसते. नवऱ्याचं प्रकरण कळल्यावर भडकते, रडते, आणि शेवटी त्याच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते शांतपणे सांगते. पुरस्कार मिळाला तो रास्तच! उलट २०२१ मध्ये 'जुडास अँड द ब्लॅक मसाया'चे दोन्ही मुख्य नट सहाय्यक गटात. प्रमुख की सहाय्यक हे मत देणारे कलाकारच ठरवतात म्हणे, पण हे काही पटलं नाही.

तर खरोखर छोट्या, तरी मनात घर करणाऱ्या भूमिका सुचवाल का? नामांकनावरच थांबलेल्या असतील तर उत्तम. जुने कृष्णधवल सिनेमेही चालतील. नेमका कोणता प्रसंग भिडला, तेही लिहा.