टीईआय नोंदी: पोस्टग्रेसमध्येच ठेवाव्या की एक्सक्वेरीकडे वळावे?

फोंडा_वाचनालय
जुन्या मराठी-पोर्तुगीज नियतकालिकांच्या सुमारे १२ हजार नोंदी टीईआय एक्सएमएलमध्ये (मजकुराला टॅग लावायची प्रमाणित पद्धत) आहेत. सभासदांचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे, म्हणून याही तिथेच एक्सएमएल कॉलममध्ये टाकल्या. '१९६१-१२-१९' पूर्वीचे, म्हणजे गोवा मुक्तीआधीचे अंक मागितले की शून्य ओळी येतात, एररही नाही. क्वेरीची भाषाच बदलून एक्सक्वेरी (खास एक्सएमएलसाठीची शोधभाषा) घ्यावी का?

मांडवीकाठ
थांबा, आधी नेमस्पेस बघा. टीईआयचे एलिमेंट स्वतःच्या नेमस्पेसमध्ये (टॅगनावांचा वेगळा गट) असतात. एक्सपाथ (एक्सएमएलमधली जागा सांगणारी भाषा) फंक्शनच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये प्रीफिक्स बांधून तो पाथच्या प्रत्येक पायरीला लावावा लागतो. एक्सएमएलमधून तक्ता काढणाऱ्या एक्सएमएलटेबलमध्येही डीफॉल्ट नेमस्पेस चालत नाही.

ते बरोबर असेल तर दोष तुलनेचा. पोस्टग्रेस लिबएक्सएमएल२ ही प्रोग्रामिंग लायब्ररी वापरते, म्हणजे १९९९ चे एक्सपाथ १.०. त्यात 'पेक्षा लहान' हे चिन्ह दोन्ही बाजूंचे आकडे करते. तारखेचा आकडा होत नाही, 'नॅन' (आकडा नाही) होतो, आणि नॅनशी कुठलीही लहान-मोठी तुलना खोटीच. ट्रान्सलेटने डॅश काढून १९६११२१९ शी तुलना करायची युक्ती चालते, पण फसवी आहे: नुसते '१९६५' लिहिलेली नोंदही मग 'आधीची' ठरते! त्यापेक्षा एक्सएमएलटेबलने तारीख टेक्स्ट म्हणून बाहेर काढा आणि तुलना पोस्टग्रेसच्या एसक्यूएलमध्ये करा.

कोनाकंस
एवढ्यासाठी घर बदलू नका. लेखांचा मजकूरच शोधायचा असेल, परिच्छेदात नावे, त्यात टिपा, अशी गुंतागुंत असेल, तर मात्र एक्सक्वेरीला पर्याय नाही. तिथे टाइप नसलेल्या तारखांची तुलना अक्षरशः होते, त्यामुळे वर्ष-महिना-दिवस क्रम जुळतो. एक्सएस-डेट हा तारखेचा टाइप लावाल तर नुसते वर्ष असलेली एकच नोंद अख्खी क्वेरी पाडते. आधी 'कास्टेबल ॲज'ने रूपांतर जमते का ते तपासा.

बेसएक्स या एक्सक्वेरी डेटाबेसमध्ये फुल-टेक्स्ट इंडेक्स (मजकुरातल्या शब्दांची सूची) मुळात बंद असतो, तो चालू करून घ्या. नोंदी बदलल्या की ऑप्टिमाइझ करून तो ताजा करा. नाहीतर उत्तर येते, पण रांगत. एक्सएसएलटी (एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा) फक्त पाने छापायला ठेवा.

फोंडा_वाचनालय
तारखा आल्या, आभार! पण 'कऱ्हाडे' शोधले की निम्म्या नोंदी गळतात.

मांडवीकाठ
तो ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो: 'ऱ' अधिक हलन्त, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. युनिकोड नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगळी रूपे एकसारखी करणे) दोन्ही एक करत नाही. नोंदी भरतानाच रिप्लेसने पहिले रूप करून घ्या, आणि शोधपेटीत आलेल्या शब्दालाही तेच लावा.