मॉनिटर पिवळा पडलाय आणि सावल्या पळतायत, ग्राफिक कार्ड गेलं का?

पावसातला_बेडूक
मंडळी जरा मदत करा. घरचा डेस्कटॉप आहे, नऊ वर्षं जुना, विंडोज १०, मॉनिटर व्हीजीए केबलवर (ती जुनी, दोन स्क्रूवाली जाड केबल). आठवडाभर झालं सगळं पांढरं पिवळं दिसतंय, वर्ड उघडलं की कागदावर हळद सांडल्यासारखं, आणि जिथे निळं असायला पाहिजे तिथे चक्क काळं. टेबलाला धक्का लागला तर दोन सेकंद नीट दिसतं मग परत तेच. शिवाय एक फिकट आडवी सावली भराभर स्क्रीनवरून पळत असते, ती वेगळीच. दुरुस्तीवाल्याने फोनवरच ऐकून सांगितलं ग्राफिक कार्ड गेलं, साडेचार हजार. म्हटलं माझ्यात वेगळं कार्डच नाहीये, तर म्हणे मग मदरबोर्ड 😅

रात्रीचा_राजा
नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) चालू राहिलाय का बघ, सेटिंग्ज मधे सिस्टम, मग डिस्प्ले. नाहीतर विंडोज नवीन टाक.

जुनी_केबल
नाइट लाइटने सहसा निळं इतकं काळं होत नाही हो, आणि धक्का दिल्यावर तो बंद पण होत नाही. आणि कृपा करून विंडोज टाकू नका, आपल्याकडे मांजर आडवं गेलं तरी विंडोज टाकतात.

आधी मॉनिटरचं मेनू बटण दाबा. ती मेनूची चौकट मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्यात काही संबंध नाही. त्यातली पांढरी अक्षरं पांढरीच दिसली तर पॅनेल ठणठणीत आहे. मग स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा, तिथे रंग बरोबर असले तर विंडोजने काढलेलं चित्र तरी ठीक आहे. धक्क्याने फरक पडतोय, म्हणजे पहिला संशय केबल आणि ती जिथे घुसते त्या पोर्टवर.

व्हीजीएत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या पिनांवरून येतात, १, २ आणि ३. निळा तुटला की उरलेले दोन मिळून पिवळा. (हिरवा गेला असता तर सगळं गुलाबी जांभळं दिसलं असतं.) कॉम्प्युटर बंद करून केबल काढा, रुंद बाजूच्या रांगेतली बरोब्बर मधली पिन बघा. मधल्या रांगेत एक पिन कमी दिसली तर घाबरू नका, ९ नंबरची पिन बऱ्याच केबलला मुळातच नसते.

पावसातला_बेडूक
मेनू पांढरा!! मोबाइलवर स्क्रीनशॉट पण एकदम नीट. मधली पिन वाकून आडवी झालीय, मागच्या रविवारी साफसफाईत मीच केबल अंधारात कोंबली होती ते आठवलं. पेनाच्या रिकाम्या नळीने हळूच सरळ केली, दोन्ही स्क्रू आवळले, रंग आला परत. पण सावली अजून पळतेच आहे.

वायरमन_काका
मॉनिटर आणि सीपीयू एकाच बोर्डावर आहेत का? आणि सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का?

पावसातला_बेडूक
सीपीयू यूपीएसवर आणि मॉनिटर भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटला. मुंग्या येतात, पण त्या पहिल्यापासूनच येतात.

वायरमन_काका
पहिल्यापासून येतात म्हणून त्या चालतात असं नाही. अर्थिंग मिळत नाहीये. दोघांच्या अर्थिंगमधे फरक पडला की थोडा करंट व्हीजीए केबलच्या आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून वाहतो आणि चित्रात मिसळतो. आपली लाइट ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हलते, मॉनिटर चित्र ६० वेळा काढतो, जुळत नाही म्हणून सावली एका जागी थांबत नाही, पळते. दोघांना एकाच एक्स्टेन्शनवर घे, तीन पिनी प्लगला दोन पिनी कन्व्हर्टर लावला असेल तर फेकून दे, आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घे. ते स्वतः उघडू नकोस.

पावसातला_बेडूक
कन्व्हर्टर होता काका 🙏 मॉनिटरलाच. काढला, दोन्ही एका बोर्डावर घेतले, सावली गायब. मुंग्या आहेत अजून, इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. आता मुलगी म्हणते स्क्रीन निळसर दिसतोय, बाबा आधीचाच बरा होता.