मागचं चाक काढून बसवलं: एबीएसचा दिवा विझत नाही, ब्रेकचं पेडल खाली जातं, चेन कटकटते. आधी काय बघू?

मैलदगड

मोटरसायकल सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड. दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), चेन ५२० मापाची. किलोमीटर १९,०००. चेन आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) अजून मूळचेच आहेत.

मागचा टायर बदलायला चाक काढलं होतं. नवा टायर चढवून चाक परत बसवलं आणि पॅडॉक स्टँडवरच (मागचं चाक अधांतरी धरणारा स्टँड) इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये फिरवून पाहिलं. तेव्हापासून एबीएसचा दिवा पेटलेलाच आहे. मागच्या ब्रेकचं पेडल पार खाली जातं, ब्रेक लागतच नाही. आणि चाक हाताने फिरवलं की चेन एका जागी ताठ होते, थोडं पुढे गेलं की लोंबते, मधे मधे 'कट... कट' वाजते.

एक्सल नट (चाकाच्या आसाचा नट) साध्या पान्याने आवळलाय, चेन अंदाजाने ठेवलीय. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? गॅरेज ५ किलोमीटरवर आहे, हळू चालवत नेली तर चालेल का?

पाना_चौदा

नाही, चालवू नका. पेडल कडक झाल्याशिवाय आणि एक्सल नटची खात्री झाल्याशिवाय गाडी स्टँडवरून खाली घेऊ नका. संबंध नक्कीच आहे. मागच्या एक्सलवर चाक, चेनचा ताण, कॅलिपरचा (पॅड्सनी डिस्क पकडणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट आणि एबीएसचा (चाकाचा वेग मोजणारा) सेन्सर असं सगळं एकत्र येतं, त्यामुळे तो सुटला की चारही गोष्टी नव्याने तपासाव्या लागतात.

सुरुवात ब्रेकपासून करा. चाक बसवताना डिस्क आत जावी म्हणून आपण पॅड्स मागे रेटतो, त्याबरोबर पिस्टनही आत जातो. पॅड्स परत डिस्कला टेकेपर्यंत पेडल पोकळ लागणारच. इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश ८-१० वेळा दाबा. बहुतेक वेळा एवढ्यानेच ते कडक होतं. मग एकसारखा जोर देऊन ३० सेकंद दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलने चालणाऱ्या ब्रेकच्या पंपाचं) सील गेलंय. पंप केल्यावर कडक आणि दहा मिनिटांनी पुन्हा मऊ, असं होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, ब्लीडिंग करावं (ती हवा काढावी) लागेल. चाक बाहेर असताना पेडल चुकून दाबलं गेलं असेल तर पिस्टन जास्त बाहेर येतो. तसं झालं असेल तर पिस्टनच्या कडेने ओल आहे का ते बघा.

आता बॅटरी घेऊन खाली वाका आणि कॅलिपरचा ब्रॅकेट नीट बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रॅकेटला एक खाच असते आणि स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या, खालीवर हलणाऱ्या दांड्यावरचा) उंचवटा त्या खाचेत बसलेला असावा लागतो. ब्रेक लागला की ब्रॅकेट चाकाबरोबर फिरायला बघतो, त्याला तो उंचवटाच अडवतो. खाच बाहेर राहिली असेल तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला कॅलिपर फिरून स्पोकमध्ये जाऊ शकतो आणि चाक जाम होतं. हा तपास कधीच गाळू नका.

एक्सलवरचे बुशही (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या नळ्या) बघा. डावा-उजवा बुश अनेकदा वेगवेगळ्या लांबीचा असतो. अदलाबदल झाली तर चाक काही मिलिमीटर सरकतं, डिस्क एका पॅडला घासत राहते आणि चेनची रेषही वाकडी होते.

ब्रेक ऑइल त्याच्या छोट्या टाकीवरच्या वरच्या आणि खालच्या रेघेच्या मधे हवं. टाकीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ च घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शिरलेल्याचा किमान १५५ अंश धरतात. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

उतारावर_सावकाश

एबीएसचा दिवा पेटला तरी साधा ब्रेक लागतोच की. मागचा सोडा, पुढच्या ब्रेकवर हळूहळू न्या.

पाना_चौदा

दिव्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, एबीएस बंद असलं तरी हायड्रॉलिक ब्रेक चालतो. पण इथे दिवा हा सगळ्यात किरकोळ भाग आहे. मागचा ब्रेक लागत नाही, ब्रॅकेट बसलाय की नाही माहीत नाही आणि नट किती आवळलाय तेही माहीत नाही. यात वेग कमी ठेवून काही साधत नाही. २० च्या वेगातही चेन स्प्रॉकेटवरून उतरून मागचं चाक जाम करू शकते.

रात्रीचा_स्वार

एबीएसबद्दल सांगतो. मैलदगड, तुमच्या दिव्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. स्टँडवर इंजिनाने मागचं चाक फिरवलंत, पुढचं जागेवर उभं. कंट्रोल युनिटला पुढून शून्य आणि मागून वेग मिळाला. ही विसंगती त्याने बिघाड म्हणून धरली आणि दिवा लावला. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक गाड्यांत हा बिघाड पुसला जातो. काहींत तो साठून राहतो, मग स्कॅनरने काढावा लागतो.

दुसरं म्हणजे उभ्या गाडीत हा दिवा विझतच नाही. किल्ली चालू केल्यावर तो लागतो आणि गाडी चालायला लागून दोन्ही सेन्सरकडून वेग आला की जातो, साधारण ५ ते १० किलोमीटरच्या वेगाला. त्यामुळे स्टँडवर दिवा बघून काहीच ठरवता येणार नाही.

तरी चाक निघालेलं होतं, म्हणून हेही बघून घ्या. डिस्कजवळच्या दातेरी किंवा खाचांच्या रिंगकडे कडेने बघत चाक हाताने सावकाश फिरवा. रिंग आणि सेन्सरमधली फट पूर्ण फेरीत सारखी दिसली पाहिजे. टायर चढवताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर आडवं ठेवलं की रिंग वाकते, डोळ्याला जेमतेम कळेल इतकीच, पण सेन्सरला ती कळते. फट मोजायची तर पितळी किंवा प्लास्टिकचा फीलर गेज घ्या, पोलादी गेज चिकटतो आणि माप चुकतं. अनेक सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर ब्रेकचा लोखंडी कीस चिकटून मऊ काळा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसा. सेन्सरची वायर आपल्या क्लिपमध्ये आहे ना, टायरला किंवा चेनला लागत नाही ना, स्विंगआर्म खालीवर होताना ताणली जात नाही ना, तेही बघा.

टायर मूळ मापाचाच आहे ना? १४०/७०-१७ चा बाहेरचा व्यास सुमारे ६२८ मिमी, १५०/६०-१७ चा सुमारे ६१२. दोन्ही १७ इंचीच, पण एका फेरीत कापलेलं अंतर अडीच टक्क्यांनी बदलतं, आणि एबीएस-ट्रॅक्शन कंट्रोलचा सगळा हिशेब त्या फेरीवरच चालतो.

तेलाची_बुधली

चेनचं मी लिहिते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेनजवळ फडकं नेणं म्हणजे बोट गमावणं. चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे फडकं ओढलं गेलं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

खालच्या बाजूच्या मधोमध पट्टी धरा. चेन बोटाने खाली ओढा, मग वर ढकला, दोन्हीतलं अंतर म्हणजे खेळ. चाक थोडं थोडं फिरवत सात-आठ जागी मोजा आणि सगळ्यात ताठ जागेवर सेट करा. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिमी लागतो, पण आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरचा किंवा मॅन्युअलमधलाच घ्या. माप साइड स्टँडवर घ्यायचं की चाक अधांतरी ठेवून, हेही तिथेच लिहिलेलं असतं. दोन्हींत फरक पडतो.

ताठ चेन ढिल्या चेनइतकीच वाईट, माझ्या मते जास्तच. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट (तो फ्रेमला जोडलेला असतो ती जागा) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. उभ्या गाडीत एक्सल त्या रेषेच्या खाली असतो. मागे माणूस बसला, खड्डा आला की तो वर येतो. तेव्हा चेनमध्ये खेळ उरला नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) येतो, सस्पेन्शनही पूर्ण दबत नाही.

झीज मोजायची तर चेनचा एक भाग ताणून धरा आणि २१ पिनांचं, म्हणजे २० कड्यांचं अंतर घ्या. ५२० च्या चेनमध्ये नवं माप ३१७.५ मिमी. कंपनीप्रमाणे ३१९ ते ३२३ च्या दरम्यान कुठेतरी बदलण्याची मर्यादा असते. सोपी खूण म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या बाजूला चेन धरून ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडत असेल तर चेन संपली. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकल्यासारखे टोकदार झाले असतील तर तेही संपले.

'कट' आवाजासाठी प्रत्येक कडी बोटांनी वाकवून बघा. एखादी वाकल्यावर सरळ होत नसेल तर ती अडकलीय, आत गंज आहे. रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवून सुटते का बघा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, ओ-रिंग (कड्यांमधली रबरी सील) खराब होतात आणि आतलं ग्रीस एकदा निघालं की ते बाहेरून परत भरता येत नाही.

मैलदगड

सगळ्यांचे आभार, गाडी स्टँडवरच ठेवून तपासलं. नवव्या पंपाला पेडल कडक झालं, ३० सेकंद दाबून धरलं तरी खाली बसलं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं तरी तसंच. ब्रॅकेटची खाच बरोबर बसलीय, बुश आपापल्या जागी आहेत. टायर मूळ मापाचा. सेन्सरच्या टोकावर काळा कीस होता, पुसला. रिंग सरळ दिसते.

चेन मात्र वाईट आहे. ताठ जागी १४ मिमी, ढिल्या जागी ४१. २० कड्या ३२२ मिमी, मॅन्युअलची मर्यादा ३२०. तीन कड्या अडकतात. फक्त चेन बदलू का?

तेलाची_बुधली

नाही, दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच. लांबलेल्या चेनने दातांची ठेवण बदललेली असते, नवी चेन त्यावर चढवली तर तीही लवकर लांबते. आणि १४ ते ४१ एवढा फरक असलेली चेन सेट होतच नाही. ताठ जागी २५ केलीत तर दुसरीकडे ५० च्या पुढे जाईल आणि दातांवरून उडेल.

बदलताना मागच्या हबमधले रबरही काढून बघा, स्प्रॉकेट हाताने पुढेमागे हलवल्यावर 'ठक' असा मोकळा खेळ लागत असेल तर ते बदला. चेनचा जोड रिव्हेटचाच घ्या. क्लिपचा जोड असलाच तर क्लिपचा बंद भाग चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवा.

चाक सरळ करताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. पिव्होटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा, फरक १ मिमीच्या आत आणा. नट आवळण्यापूर्वी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मधे गुंडाळलेलं फडकं घालून चाक हाताने मागे फिरवा. चेन एक्सलला पुढे ओढते आणि तो दोन्ही ॲडजस्टरना (चेनचा ताण ठरवणाऱ्या स्क्रूंना) घट्ट टेकतो. त्याच स्थितीत नट आवळा आणि खेळ पुन्हा मोजा, कारण आवळताना तो हमखास दोन-चार मिमी बदलतो.

त्यानंतर दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजली की लगेच तेल. फेरी मारून आल्यावर चेन कोमट असताना ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लावा, पंधरा मिनिटांनी वरचं पुसून टाका. स्प्रे वापरलात तर डिस्कवर आधी फडकं झाका. डिस्कवर उडालं तर ब्रेक क्लीनरने निघतं, पॅड्सनी शोषलं तर मात्र पॅड्सच बदलायचे.

रात्रीचा_स्वार

चेन बसल्यावर पहिली चाचणी मोकळ्या, कोरड्या जागेत. चालण्याच्या वेगात आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा. नंतर थोडा वेग घ्या आणि दिवा विझला का बघा. विझला असेल तर ३० च्या वेगात सरळ रेषेत मागचं पेडल ठामपणे दाबा. पायाखाली धडधड लागेल, ते एबीएसचं काम आहे, पाय उचलू नका. पुढचा लीव्हर नेहमी आधी हलका ओढायचा, वजन पुढे आलं की जोर वाढवायचा. एबीएस असलं तरी एकदम आवळायची सवय लावू नका. वळणात झुकलेल्या गाडीत साधं एबीएस घसरण सांभाळू शकत नाही.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले १५० किलोमीटर झुकणं आणि ब्रेक दोन्ही बेताने. कडेवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, बघून घ्या. हवा थंड टायरमध्येच मोजा.

मैलदगड

कळलं. शेवटचं एक: टॉर्क पाना (मोजून ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) मिळेपर्यंत नट कसा आवळू? आणि जुनाच नट चालेल का?

पाना_चौदा

मॅन्युअलमधला आकडा आधी बघा, या आकाराच्या गाड्यांत तो बहुधा ७० ते ११० न्यूटन-मीटरमध्ये असतो. एक्सलच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, पान्याला काटकोनात ४० किलो वजनाइतका जोर दिला की साधारण १०० होतात. यावरून अंदाज येईल, पण चालवण्याआधी टॉर्क पाना मागून आणाच. नट आत नायलॉनची कडी असलेला असेल आणि बोटांनी शेवटपर्यंत फिरत असेल तर त्याची पकड संपली, नवा घ्या. स्प्लिट पिन असेल तर ती दर वेळी नवी.

आवळून झालं की नटापासून एक्सलच्या टोकावर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट सरकलाय, तिथेच थांबा आणि पुन्हा आवळा.