शहरी सांडपाण्यातील विष ओळखण्याचे काम चमकणाऱ्या जिवाणूंकडे द्यावे का?

धागाकर्ता : आपल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत पाण्याची पारख प्रामुख्याने बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) आणि सीओडी (घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) यांवर होते. बीओडीचे उत्तर नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवल्यावर मिळते, आणि तेही पाण्यात सेंद्रिय घाण किती आहे एवढेच सांगते. विषाविषयी काही सांगत नाही. ‘अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी’ हा सागरी जिवाणू मात्र धडधाकट असेपर्यंत निळसर-हिरवा प्रकाश देतो आणि विषाने त्याच्या चयापचयाला धक्का बसला की मंदावतो. १५ अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात हा प्रकाश ५, १५ आणि ३० मिनिटांनी मोजतात. आयएसओ ११३४८ या मानकात त्याची पद्धत दिली आहे आणि जर्मनीच्या सांडपाणी नियमांतही ही चाचणी आहे. एखाद्या कारखान्याने रात्री गटारात सोडलेले सायनाइड केंद्रातील नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे, जिवाणू मारू शकते, आणि त्यांची वाढ फार संथ असल्याने केंद्राची घडी पुन्हा बसायला आठवडे जातात. म्हणून केंद्रात शिरणाऱ्या पाण्याची ही चाचणी महापालिकांनी रोज करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : मी असहमत आहे. हा जिवाणू समुद्रातला असल्यामुळे नमुन्यात सुमारे २ टक्के मीठ घालावे लागते, आणि त्यातील क्लोराइड कॅडमियमसारख्या धातूंना बांधून त्यांचा विषारीपणा बदलते. त्याहून गंभीर गोष्ट अमोनियाची. मैलापाण्यात तो भरपूर असतो, पण ज्या प्रमाणात मासे मरतात त्या प्रमाणातही हा जिवाणू चमकत राहतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांत विरळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहावेत अशी अट आहे. नदीत मासेच राहतात, तेव्हा कौल त्यांचाच घ्यावा.

धागाकर्ता : नदीत सोडायच्या पाण्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे आणि अमोनिया वेगळा मोजलाच पाहिजे. परंतु मी आत येणाऱ्या पाण्याविषयी बोलत आहे. तिथे ९६ तास थांबलो, तर विष टाक्यांत पोहोचून आपले काम करून गेलेले असेल.

प्रतिसाद २ : मग आत येणाऱ्या पाण्याचेच बोलू. एका लहान शहराच्या केंद्रात मी प्रयोगशाळा सांभाळते. गोठवून सुकवलेल्या जिवाणूंच्या कुप्या खोल थंडाव्यात ठेवाव्या लागतात आणि आमच्याकडे वीज जाते. शिवाय रंगाई कारखान्याचे गडद पाणी विषारी नसतानाही प्रकाश शोषून घेते, म्हणून रंगाची दुरुस्ती वेगळी करावी लागते. वाचवायचे आहेत ते आमच्या टाकीतले जिवाणू. त्याच टाकीतला गाळ बाटलीत घेऊन त्यात येणारे पाणी मिसळावे आणि ऑक्सिजनचा वापर किती घटतो ते पाहावे. त्याला साधा ऑक्सिजन मीटर पुरतो.

धागाकर्ता : हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तरीही एक अडचण उरते : गाळातील बहुसंख्य जिवाणू नायट्रीकरण करणारे नसतात, त्यामुळे हे मोजके जिवाणू गुदमरले तरी एकूण ऑक्सिजनच्या आकड्यात ते सहज दिसत नाही.

प्रतिसाद २ : खरे आहे. त्यासाठी एका बाटलीत नायट्रीकरण रोखणारे अ‍ॅलिलथायोयुरिया घालून दोन बाटल्यांतील ऑक्सिजन-वापराचा फरक काढता येतो; तो फरक म्हणजेच नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचा वाटा.